सातवी फासळी



दरवर्षी स्मरणिकेसाठी लेख मागणारा फोन आला, की "बघतो, वेळ मिळाला तर लिहितो" असे म्हणून मी सुटका करून घेतो. यंदा मात्र संपादक मंडळींनी चांगलेच कोंडीत पकडले. "अहो, तुमच्या त्या लाकडी जहाजांबद्दल लिहा की! लोकांची जरा करमणूक होईल." करमणूक होण्यासारखे त्यात भरपूर आहे आणि ते मी सांगणारच आहे. पण लिहायला बसलो तेव्हा जाणवले, की या छंदाने माझ्यामागे एक प्रश्नही लावून दिला आहे आणि वीस वर्षे झाली तरी तो काही माझी पाठ सोडत नाही. प्रश्न असा, की जी चूक कोणालाच दिसत नाही, पुढेही दिसणार नाही आणि जिच्यामुळे कोणाचे काही बिघडत नाही, ती चूक चूक म्हणून धरायची की नाही?

आधी गाव सांगतो. येना हे थुरिंगिया प्रांतातले लाखभर वस्तीचे शहर. चहूबाजूंनी डोंगर, मधून वाहणारी झाले नदी आणि समुद्र शेकडो किलोमीटर दूर. जहाजांशी या गावाचा काडीचा संबंध नाही. इथे दोनच गोष्टी पिकतात : भिंगे आणि तत्त्वज्ञान. फिख्ते, शेलिंग, हेगेल हे सगळे इथल्या विद्यापीठात शिकवून गेले. १८०६ साली नेपोलियनची फौज गावात शिरली तेव्हा हेगेल महाशय आपल्या मोठ्या ग्रंथाची शेवटची पाने पुरी करण्यात गुंतले होते. भिंगांचे म्हणाल, तर कार्ल त्साइस, एर्न्स्ट आबे आणि ऑटो शॉट या तिघांनी गावाचे नाव जगभर नेले. मीही पोटापाण्यासाठी भिंगांच्याच धंद्यात आलो. मोजमाप हे माझे काम. दिवसभर मी अशा चुका शोधतो, ज्यांच्यापुढे डोक्यावरचा केस म्हणजे भलामोठा वासा. आणि संध्याकाळी घरी येऊन दोन-दोन मिलिमीटरच्या चुका करतो.

आमच्या घराण्यात समुद्र आहे, पण तो अण्णांकडून आलेला. माझे वडील, अण्णा, मूळचे मालवणकडचे. मुंबईच्या गोदीत त्यांनी आयुष्यभर सुतारकाम केले. लहानपणी त्यांच्या तोंडून वाडियांच्या गोष्टी इतक्या ऐकल्या, की मला ते आमचे दूरचे नातेवाईकच वाटायचे. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले आणि पुढे त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी गोदीत जहाजे बांधली. त्यांपैकी 'ट्रिंकोमाली' नावाचे फ्रिगेट जमशेदजी बोमनजी वाडिया यांच्या हाताखाली तयार झाले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरले. ते अजून तरंगते आहे! इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जाऊन कोणीही ते पाहू शकतो. मलबारचे सागवान. सागाला स्वतःचे तेल असते, त्यात लोखंडी खिळा टिकतो. ओकमधल्या आम्लाने तोच खिळा गंजतो. हे अण्णा अशा अभिमानाने सांगायचे, की जणू तो साग त्यांनीच लावला होता.

तर २००४ च्या नाताळात मी ठरवले, की अण्णांसाठी असे एक जहाज आपण स्वतः करायचे. 'ट्रिंकोमाली'चा तयार संच काही मला मिळाला नाही, पण साधारण त्याच धाटणीच्या एका इंग्रजी फ्रिगेटचा मिळाला. खोक्यावर सुंदर चित्र होते आणि खाली लिहिले होते, की थोडा अनुभव असलेल्यांसाठी योग्य. मी मनात म्हटले, सुताराचा मुलगा आहे मी, अनुभव रक्तातच आहे!

मंडळी, अनुभव रक्तात नसतो. रक्त मात्र पहिल्याच आठवड्यात भरपूर निघाले.

खोके उघडले तर आत काड्याच काड्या. आमच्या सौ.ने डोकावून पाहिले आणि विचारले, "उदबत्त्या मागवल्यात का?" सूचनापुस्तिका मूळ इटालियनमधून इंग्रजीत आणलेली. एका पायरीत लिहिले होते, की आता जहाजाचे पोट आनंदाने झाका. कशाने, कसे, किती दिवसांत, याचा पत्ता नाही. पुढची पायरी एकदम डोलकाठ्यांची! मधले सहा महिने वाचकाने कल्पनेने भरून काढायचे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आधी जहाजाचा कणा. कोकणात त्याला पठाण म्हणतात. त्या पठाणावर माशाच्या काट्यासारख्या आडव्या फासळ्या बसवायच्या. फासळ्यांच्या कडा योग्य कोनात घासायच्या, म्हणजे त्यांवरून फळी अंगासरशी जाते. मग लिंडनच्या लाकडाच्या दीड मिलिमीटर जाडीच्या पातळ पट्ट्या पाण्यात भिजवून, गरम करून, वाकवून एकेक चिकटवायची. ते झाले, की सगळे घासून गुळगुळीत करायचे आणि वरून अक्रोडाच्या लाकडाचा कागदासारखा पातळ दुसरा थर द्यायचा. म्हणजे पहिला थर आणि फासळ्या पूर्ण झाकल्या जातात, कायमच्या. हे नीट लक्षात ठेवा, पुढची सगळी कथा याच्यावर आहे.

पट्ट्या भिजवायला मोठे भांडे हवे, म्हणून मी न्हाणीघरातला टब वापरला. तीन दिवस घरात कोणी नीट आंघोळ केली नाही. वाकवायला सौ.ची इस्त्री घेतली. तिच्या एका सिल्कच्या साडीवर अजून एक पुसट तपकिरी रेघ आहे आणि दर दिवाळीला ती मला दाखवण्यात येते. पट्ट्या धरून ठेवायला कपड्यांचे चिमटे लागतात. दोरीवरचे सगळे चिमटे जहाजावर गेल्यामुळे आमचे कपडे लोबेडाच्या अकरा मजली इमारतीच्या सातव्या मजल्यावरून खाली उडून गेले आणि शेजारच्या आजींनी ते घडी घालून, एका शब्दाचाही शेरा न मारता आणून दिले. तो न मारलेला शेरा अजून माझ्या कानात आहे. एकदा मी रविवारी दुपारी बारीकशी हातोडी चालवली. जर्मनीत रविवारची शांतता म्हणजे आपल्याकडचे सोवळे. दहा मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी दाराची घंटा वाजवली. मी त्यांना जहाज दाखवले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि "सोमवारी" एवढेच म्हणून गेले.

आणि तो झटपट चिकटणारा गोंद! तो लाकूड लाकडाला चिकटवायला दहा मिनिटे घेतो आणि बोट बोटाला चिकटवायला एक सेकंद. एका रात्री माझा अंगठा, तर्जनी आणि तोफेचा गाडा असे तिघे एकजीव झालो. दोन मिलिमीटरची लाकडी कप्पी चिमट्यातून सुटली, की 'टिक्' असा आवाज येतो आणि मग ती या विश्वात कुठेच नसते. गालिच्यावर मी, सौ. आणि तेव्हा तीन वर्षांची आमची लेक असे तिघे हातात बॅटरी घेऊन रांगत असू. लेकीला वाटायचे, हा बाबांनी काढलेला खास खेळ आहे. दोरशिड्यांच्या गाठींबद्दल तर बोलायलाच नको. शेकडो गाठी, प्रत्येक सारखी. दोनशेव्या गाठीला माणूस संत होतो किंवा शिव्या तरी शिकतो. मी दोन्ही वाटा थोड्या-थोड्या चालून पाहिल्या.

आता मूळ मुद्दा.

फासळ्या बसवताना प्रत्येक फासळी पठाणाशी काटकोनात आहे ना, हे गुण्या लावून पाहायचे असते. सहा फासळ्या मी तशा बसवल्या. सातवीच्या वेळी रात्रीचे साडेअकरा वाजले होते, गुण्या बहुधा लेकीच्या खेळण्यांत गेला होता आणि मी मनात म्हटले, "दिसतेय की सरळ!" दोन दिवसांनी पाहिले, तर सातवी फासळी वरच्या टोकाला दोन मिलिमीटर नाळेकडे झुकलेली. ती काढता आली असती. ॲसिटोन लावून, धीर धरून, एक-दोन संध्याकाळी घालवून. पण मी विचार केला, हे सगळे झाकलेच जाणार आहे. पट्ट्या लावल्या, जिथे थोडा खोलगटपणा आला तिथे पुट्टी भरली, घासले आणि वर अक्रोडाचा थर चढवला. जहाज झकास दिसू लागले. कोणालाही, अगदी मलाही, काही कळत नव्हते.

२००६ च्या उन्हाळ्यात अण्णा येनाला आले. फुटबॉलचा विश्वचषक जर्मनीत होता, बाल्कन्यांत झेंडे लागले होते, गाव नुसते नाचत होते. अण्णांना त्यातले फारसे दिसत नव्हते. काचबिंदूने त्यांची नजर बरीच गेली होती. मी त्यांना हाताला धरून गाव दाखवत असे. विद्यापीठाच्या मुख्य इमारतीजवळ एर्न्स्ट आबेचे स्मारक आहे. त्या दगडावर त्याचे सूत्र कोरलेले आहे. त्यांनी त्या खाचांवरून बोटे फिरवली आणि विचारले, ह्या काय लिवलासा?

मी समजावून सांगितले. आबेने १८७३ साली दाखवून दिले, की सूक्ष्मदर्शक कितीही चांगला घासला, तरी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळ असलेले दोन ठिपके त्याला वेगळे दाखवता येत नाहीत. ढोबळ हिशेबाने एका मिलिमीटरचा चार हजारावा भाग. त्याच्या आत दोन गोष्टी असल्या, तरी डोळ्याला एकच दिसते.

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे असतत दोन, पण दिसता एक."

"हो."

"मग दिसणा येगळा आणि असणा येगळा." आणि पुढे चालू लागले.

त्याच संध्याकाळी त्यांनी जहाज मागितले. मी ते त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी आधी नाळ चाचपली, मग डोलकाठ्या, मग दोरशिड्या. चेहऱ्यावर असे काही हसू, की माझे दीड वर्ष वसूल झाले. मग त्यांनी अंगठा जहाजाच्या कुशीवर टेकवला आणि नाळेपासून मागे सरकवत नेला. सावकाश. एका जागी अंगठा थांबला. थोडा मागे आला, पुन्हा पुढे गेला.

"सातव्या फासळीक काय झाला रे झिला?"

मला घाम फुटला. पुट्टी, दोन थर, पॉलिश, सगळ्याच्या आतली फासळी त्यांनी मोजून सांगितली होती! आणि मी, चाळिशीला टेकलेला, चुका शोधण्याचा पगार घेणारा माणूस, पटकन म्हणालो, "संचातच तशी आली होती, अण्णा. कापणीत चूक."

"बरा," ते म्हणाले आणि पुढच्या फासळीकडे गेले.

त्यांना ते पटले नव्हते, हे मला त्या "बरा"वरूनच कळले. फासळी कापण्यात चुकली, की बसवण्यात चुकली, हे ज्याने चाळीस वर्षे फासळ्या बसवल्या त्याला कळणार नाही का? मी म्हटले, परत जायच्या आत सांगू. मग म्हटले, फोनवर सांगू. फोनवर माणूस प्रकृतीबद्दल बोलतो, हवेबद्दल बोलतो. २००८ च्या सुरुवातीला अण्णा गेले. ते सांगायचे राहूनच गेले.

तेव्हापासून हा प्रश्न मी बऱ्याच बाजूंनी उलटसुलट करून पाहिला आहे. वाचकहो, तुम्हीही पाहा.

पहिले उत्तर व्यवहाराचे. नुकसान कोणाचे झाले? खऱ्या जहाजाची फासळी चुकली, तर माणसे बुडतात. स्वीडनचे 'वासा' हे जहाज १६२८ साली पहिल्याच सफरीला निघाले आणि दीडएक किलोमीटरही न जाता स्टॉकहोमच्या बंदरातच बुडाले. १९६१ साली ते वर काढले, आज तिथे त्याचे संग्रहालय आहे. त्यातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. निघण्याआधी तीसएक माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवून चाचणी घेतली होती आणि जहाज इतके डोलू लागले, की चाचणी मध्येच थांबवावी लागली. म्हणजे खोट माहीत होती! पण राजाला घाई होती आणि त्याला सांगायचे कोणी? पुढे चौकशी झाली, दोषी कोणीच ठरले नाही.

उलट, अलीकडचे उदाहरण घ्या. अजिंठ्याच्या लेण्यांत एका जहाजाचे चित्र आहे. त्यावरून गोव्यात केरळच्या कारागिरांनी बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून, खिळ्यांवर भिस्त न ठेवता, एक जहाज उभे केले. त्याचे नाव 'कौंडिण्य'. २०२५ साली ते नौदलात आले आणि डिसेंबरअखेर पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले. त्यातला प्रत्येक टाका कोणाच्या तरी जिवाला बांधलेला होता. पाण्याखालचा, कोणाला न दिसणारा टाका तर आधी. तिथे "झाकलेच जाणार आहे" हे वाक्य म्हणजे गुन्हाच. पण माझे जहाज कपाटावर बसणार. त्यात एक मुंगीसुद्धा बुडणार नाही. या न्यायाने माझी फासळी निर्दोष सुटते.

दुसरे उत्तर कारागिराचे. या गावात कार्ल त्साइसची एक गोष्ट सांगतात. कारखान्यात जो सूक्ष्मदर्शक पुरेसा अचूक उतरला नाही, तो म्हणे तो स्वतः ऐरणीवर ठेवून हातोड्याने फोडून टाकी. आणि वाडियांची गोष्ट तर अण्णांचीच आवडती. 'ट्रिंकोमाली'च्या कण्यात पारशी रिवाजाप्रमाणे एक चांदीचा खिळा ठोकला होता. तो खिळा कुठे? सगळ्यांत खाली, जिथे कप्तान पाहणार नाही, शत्रू पाहणार नाही, विकत घेणाराही पाहणार नाही. जमशेदजींबद्दल आणखी एक कथा आहे. १८०० साली बांधलेल्या एका जहाजाच्या आतल्या तुळईवर त्यांनी आपल्या हाताने कोरले होते, की हे जहाज एका काळ्या माणसाने बांधले आहे. काळ्या शब्दामागे गोऱ्यांची शिवी होती तशीच ठेवून. आणि बऱ्याच वर्षांनी ते दाखवले. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, तिचा अर्थ मला कळतो. कारागीर आपली खरी सही आत करतो. हात मोठ्या जहाजावर वेगळे आणि खेळण्यावर वेगळे शिकत नाही. अण्णा कपाटाची भिंतीकडची बाजूही रंधून घेत. आई विचारायची, "भिंतीला दाखवायचंय का?" ते म्हणत, "रंध्याक काय ठाऊक, भिंत खंय आसा?"

हे दुसरे उत्तर मला इतके पटले, की मी दुसरे जहाज घेतले आणि त्यात एकही लपलेली चूक ठेवायची नाही, असा पण केला. इथे माझी दुसरी फजिती झाली आणि ती पहिलीपेक्षा मोठी आहे.

ऑगस्ट २००८. लेक पहिलीत जाणार होती. जर्मनीत शाळेच्या पहिल्या दिवशी मुलाच्या हातात खाऊने भरलेला भलामोठा पुठ्ठ्याचा शंकू देतात, त्सुकरट्यूटे. या प्रथेचा अगदी जुना उल्लेख १८१७ सालच्या येनातलाच सांगतात. म्हणजे 'ट्रिंकोमाली' मुंबईत पाण्यात उतरले त्याच वर्षी इथली मुले शंकू घेऊन शाळेत निघाली होती! हा योगायोग मी लेकीला मोठ्या रंगात सांगितला आणि कबूल केले, की तुझा शंकू मी करणार आणि त्यावर एक जहाज काढणार. त्याच महिन्यात दुसऱ्या जहाजाच्या डाव्या कुशीच्या चार पट्ट्या माझ्या मनासारख्या बसेनात. मी त्या चार वेळा काढल्या, चार वेळा लावल्या. आदल्या रात्री दीड वाजता तळघरातल्या खोलीतून वर आलो, तर स्वयंपाकघरात सौ. शंकूला शेवटची चिकटपट्टी लावत बसली होती. मी काही बोलणार, तेवढ्यात ती म्हणाली, "अहो, झोपा आता. तिला कळणार नाही."

सकाळी लेक शंकू घेऊन नाचत शाळेत गेली. तिला कळले नाही. निदान मला तसे वाटले.

नंतर सौ.ने एकदाच, शांतपणे मला विचारले, "तुमच्या त्या फळ्या कोणाला दिसणार होत्या?" मी माझे चांदीच्या खिळ्याचे व्याख्यान सुरू केले. तिने ते पुरते ऐकून घेतले आणि म्हणाली, "मग त्या रात्री घरात कुठली फासळी वाकडी बसली, ती नाही दिसली तुम्हाला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. त्साइसचा हातोडा ऐकायला छान वाटतो, पण एका माणसाचा चोखपणा पुष्कळदा दुसऱ्याच्या वेळेतून येतो. माझ्या त्या चार पट्ट्यांमध्ये प्रामाणिकपणा किती आणि अण्णांपुढे पडलेले तोंड लपवण्याची धडपड किती, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. न दिसणारे काम चोख करणे हा सद्गुण खरा, पण मला स्वतःलाच ते पाहण्याची हौस लागली होती. प्रेक्षक एकच असला, तरी तो प्रेक्षकच.

मग उत्तर काय? माझ्यापुरते मी जे जुळवले आहे ते असे. न दिसणारी चूक सापडली, की मी दोन गोष्टी विचारतो. हिच्यावर कोणी भार टाकणार आहे का? टाकणार असेल, तर ती काढलीच पाहिजे, मग रात्री कितीही वाजलेले असोत. भार फक्त जहाजात नसतो. सहा वर्षांच्या मुलीला दिलेल्या शब्दावरही असतो. आणि भार नसेल, तर दुसरे विचारतो : कोणी विचारले, तर मी खरे सांगीन का? सांगणार असेन, तर फासळी दोन मिलिमीटर वाकडी राहिली तरी चालेल. अण्णांनी मला फासळी का वाकडी, एवढेच विचारले होते. "घाई केली, गुण्या सापडला नाही," एवढे म्हणालो असतो, तर ते हसले असते आणि बहुधा स्वतःच्या दहा वाकड्या फासळ्या त्यांनी मला सांगितल्या असत्या. त्या दहा फासळ्या मी गमावल्या.

एक शंका तुम्ही काढाल. "कोणालाच दिसणार नाही" अशी चूक असते तरी का? मलाही आता तसे वाटत नाही. आबेच्या दगडावरच्या सूत्राला लोक सव्वाशे वर्षे शेवटचा शब्द मानत होते. मग त्या मर्यादेच्या आतले पाहण्याच्या युक्त्या निघाल्या आणि २०१४ साली ग्यॉटिंगेनच्या स्टेफान हेल यांना, दोन अमेरिकन शास्त्रज्ञांसह, त्याबद्दल नोबेल मिळाले. सूत्र खोटे ठरले नाही, पण "दिसत नाही"चा अर्थ "अजून दिसलेले नाही" असा झाला. आणि घरच्या माणसांना तर एवढ्या यंत्रांची गरजच नसते.

गेल्या वर्षी हे सगळे मी लेकीला सांगितले. ती आता विशीतली आहे, दुसऱ्या शहरात नोकरी करते. शंकूची गोष्ट सांगताना माझा आवाज जरा अडखळला. ती म्हणाली, "बाबा, मला तेव्हाच कळलं होतं."

"कसं?"

"त्याच्यावर जहाज नव्हतं ना."

सतरा वर्षे तिने ते मनात ठेवले होते. रागाने नव्हे, तसेच, गालिच्यात पडलेल्या कप्पीसारखे.

त्यानंतर मी पहिले जहाज खाली काढले, धूळ पुसली. सातवी फासळी आता काढणे शक्य नाही. काढायची म्हटली तर सगळे जहाज फोडावे लागेल आणि त्साइसचा हातोडा माझ्याकडे नाही. मी एक केले. एका चिठ्ठीवर लिहिले : "सातवी फासळी माझ्या घाईने वाकडी बसली आहे. संचाची चूक नाही." ती गुंडाळून तोफेच्या एका खिडकीतून आत सारली. ती तिथे कोणी वाचणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच तीच गोष्ट इथे, सर्वांना वाचता येईल अशी लिहिली.

यंदा गणेशोत्सवात मुलांच्या टेबलावर ते जहाज ठेवायचे ठरले आहे. "हात लावू नये" अशी पाटी लावणार नाही. उलट, बालगोपाळांनी अवश्य हात लावावा, डोळे मिटून नाळेपासून अंगठा सरकवत न्यावा आणि कितवी फासळी वाकडी ते सांगावे. बरोबर सांगणाऱ्याला एक मोदक जास्त. गालिच्यावर कप्पी पडली, तर मात्र सगळ्यांनी मिळून शोधायची.

गणपती बाप्पा मोरया!

— एक हौशी जहाजबांधकाम करणारा, येना (जर्मनी)